सदतीस अंश, पण कुठे?

मित्रांनो, माझ्या दारावरचा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे आणि कडीपाशी गंजाचा एक लहानसा नकाशा उमटला आहे. त्यावरून माझे वय तुम्ही ओळखले असेलच. मी इन्क्युबेटर आहे. कोंबडी अंडी उबवते, तसे मी जिवाणू उबवतो. प्रयोगशाळेतली माणसे चपट्या गोल डिशमध्ये जेलीसारखे खाद्य ओततात, त्यावर जिवाणू पसरतात आणि त्या डिश माझ्या पोटात ठेवतात. मी त्यांना सदतीस अंश सेल्सिअसची ऊब देतो. ही तुमच्या अंगाची ऊब. त्यामुळे ज्या जिवाणूंना माणसाच्या अंगात राहायला आवडते, त्यांना माझ्या पोटातही घरच्यासारखे वाटते.

आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. ती घडत होती तेव्हा सांगायला मला तोंड नव्हते. हे मी वाक्प्रचार म्हणून म्हणत नाही. मला खरोखरच तोंड नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. आत स्टीलची पेटी, बाहेर रंगवलेला पत्रा आणि दोघांच्या मध्ये काचेच्या तंतूंची जाड गादी. पोटात दोन कप्पे. तळाला तापणारी तार. गरम हवा नेहमी वर पळते, म्हणून तिला खाली आणायला माझ्या पाठीत एक छोटा पंखा बसवला. तो फिरला की दोन्ही कप्प्यांत सारखी ऊब राहते. मला बनवणाऱ्या कारागिराने शेवटचा स्क्रू आवळला, माझ्या डोक्यावर थाप मारली आणि तो जेवायला निघून गेला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

पहिली बारा वर्षे मी एका दूध डेअरीत काढली. रोज सकाळी दुधाचे नमुने माझ्यात यायचे आणि दुसऱ्या दिवशी मी सांगायचो की कोणते दूध चांगले आणि कोणते नाही. तिथल्या तपासनीस बाई पाहुण्यांना मला दाखवून म्हणायच्या की हे मशीन नाही, घड्याळ आहे. मला तेव्हा फार बरे वाटायचे. मग डेअरीत मोठी यंत्रे आली आणि मला या प्रयोगशाळेत देऊन टाकले.

ही प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. काळ्या दगडाचा लांब ओटा, गळका नळ, आणि खिडकीतून दिसणारी रुग्णालयाची मागची भिंत. मधे फक्त एक अंगण. शेजारच्या खोलीत नवा इन्क्युबेटर आला, त्याच्या दारावर निळे आकडे लुकलुकतात. तो आल्यावर मला नळाजवळच्या कोपऱ्यात सरकवले. माझ्या डोक्यावर मामांचा डबा आणि छत्री आली. मामा म्हणजे इथले सर्वांत जुने लॅब अटेंडंट. ते कुणाचे सख्खे मामा आहेत हे मला माहीत नाही, पण इथे सगळे त्यांना मामाच म्हणतात. जुने यंत्र नेहमी सर्वांत नव्या माणसाच्या वाट्याला येते. तसा मी चिमटाच्या वाट्याला आलो.

चिमटाचे खरे नाव हजेरीपटावर असेल. पण तिच्या एप्रनच्या खिशात कायम एक चिमटा असतो. एकदा मामांच्या डब्यात पडलेला केससुद्धा तिने त्याच चिमट्याने उचलला. मामा जेवण ढकलून म्हणाले, "बाळ, तो चिमटा काल कुठं कुठं जाऊन आला ते मला माहीत आहे." तेव्हापासून ती चिमटा. मामा तिला रागात असले की चिमटाबाई म्हणतात.

चिमटा एक पापुद्रा बनवत होती. भाजलेल्या जखमेवर घालायचा पापुद्रा. त्याची कृती मी इतक्यांदा पाहिली आहे की मला पाठ आहे. कोळंबीच्या कवचापासून काढलेली एक पूड असते, कायटोसान. ती पातळ आम्लात विरघळवायची. मग खोलीभर लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास सुटतो. त्यात चांदीचे अतिशय बारीक कण तयार करायचे. इतके बारीक की तुमच्या एका केसाच्या जाडीत तीन-चार हजार कण शेजारी शेजारी बसतील. त्यांना नॅनो कण म्हणतात. कण तयार होऊ लागले की बिनरंगी द्रावण आधी पिवळसर होते, मग फिक्या चहासारखे. ते सपाट साच्यात ओतायचे, वाळवायचे आणि चिमट्याने कडेपासून हळूच सोलायचे. कायटोसान जखमेवर पांघरूण घालतो आणि चांदी जिवाणू मारते. दोन पदार्थ एकत्र आले आणि दोघांनीही आपापला गुण सोडला नाही. अशा पदार्थाला नॅनो संमिश्र म्हणतात.

हे सगळे कशासाठी, ते मला तिच्या आत्यामुळे कळले. चिमटाची आत्या अंगणापलीकडच्या रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डची मुख्य परिचारिका आहे. ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत जिना चढून यायची, स्टुलावर बसायची आणि पाय चोळत बोलायची. वॉर्डात जखमेवर कापडाची जाळी घालतात. ती जखमेला चिकटते. रोज ओढून काढावी लागते. तेव्हा माणूस किंचाळतो, आणि ती काढणारी आत्या असते. त्या दिवसांत तिच्या वॉर्डात काच कारखान्याच्या भट्टीवरचा एक कामगार होता. दोन्ही हात आणि छाती भाजलेली. सकाळी तिच्या पावलांचा आवाज आला की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

"तीस वर्षं मी लोकांना बरं करतेय, आणि लोक मला बघून घाबरतात," आत्या एकदा म्हणाली. "तुझं ते कधी होणार, तेवढं सांग."

चिमटाचा पापुद्रा चिकटणार नव्हता. तो एकदा घातला की तीन दिवस काढायचाच नव्हता. तीन दिवसांत एकच वेदना, तीन नाहीत. पण यातच भीती होती. झाकलेल्या जखमेत जिवाणू जिवंत राहिले, तर त्यांना तीन दिवस उघडून पाहणारे कुणी नसणार. म्हणून पापुद्रा जिवाणू मारतो की नाही, हे आधी माझ्या पोटात ठरायचे होते.

ते ठरवायची रीत अशी. पापुद्र्याच्या तुकड्यावर लाखभर जिवाणू असलेला एक थेंब ठेवायचा. शेजारी चांदी नसलेल्या साध्या पापुद्र्यावर तसाच थेंब. दोन्ही एक दिवस माझ्यात. मग ते तुकडे धुऊन ते पाणी जेलीवर पसरायचे आणि डिश आणखी एक दिवस माझ्यात. जो जिवाणू जगला त्याचा जेलीवर एक ठिपका उठतो. साध्याच्या डिशमध्ये ठिपकेच ठिपके हवेत आणि चांदीच्या डिशमध्ये कमीत कमी. जिवाणू दोन जातींचे होते. एकाचे ठिपके सोनेरी, दुसऱ्याचे हिरवट. मामांनी त्यांची नावे ठेवली होती सोन्या आणि हिरव्या. भाजलेल्या माणसाचा खरा वैरी हा हिरव्या.

आता मामांचा नियम ऐका. साधे खाली, चांदी वर. फार पूर्वी वरच्या कप्प्यातल्या साध्या डिशमधून पाण्याचा एक थेंब खालच्या चांदीच्या डिशमध्ये पडला होता आणि कुणाचे तरी महिन्याचे काम वाया गेले होते. तेव्हापासून मामांनी माझ्या दारावर कागद चिकटवला. नव्या मुलांना ते समजावून सांगायचे, "सोनार चांदी कधी खालच्या खणात टाकतो का? मग?" सगळे हसायचे आणि नियम पाळायचे. नियम चांगलाच होता. तापमापी खालच्या कप्प्यात टांगलेली असायची, कारण वरची कडी कधीच तुटली होती. दारातल्या काचेतून मामा रोज दोनदा ती वाचायचे आणि वहीत लिहायचे. सदतीस. सदतीस. सदतीस. खाली सही.

चिमटाच्या तेरा खेपा फसल्या. कधी कणांच्या गाठी झाल्या, कधी पापुद्रा वाळून बिस्किटासारखा तुटला. चांदीच्या डिशमध्ये शंभर ठिपके, दीडशे ठिपके. ती प्रत्येक ठिपक्यावर डिशच्या पाठीमागून पेनाने खूण करायची, म्हणजे एकही दोनदा मोजला जाणार नाही. चौदाव्या खेपेला तिने चांदीचे द्रावण एकदम न ओतता थेंबाथेंबाने सोडले. पापुद्रा सुंदर झाला, मधासारखा पारदर्शक.

आणि त्याच आठवड्यात माझा पंखा अडकला.

परीक्षानळ्यांना कापसाची बुचे लावतात. त्यांचे तंतू वर्षानुवर्षे माझ्या पाठीतल्या जाळीत साठत गेले होते. त्या गोळ्यात पाते रुतून बसले. मोटर मात्र चालूच राहिली, नेहमीसारखी घुं करत. त्यामुळे बाहेरून कुणाला काही कळायचे कारण नव्हते. मला कळले. माझ्या पोटातली हवा हलेना. तळाची तार खालचा कप्पा सदतीस ठेवायला तापत राहिली आणि गरम हवा वरच्या कप्प्यात जाऊन बसली. चाळीस. चव्वेचाळीस. मग त्याहूनही वर.

मित्रांनो, तुम्हाला ताप चढला आणि घरात कुणीच कपाळाला हात लावला नाही, तर कसे वाटेल? माझे तसे झाले. खाली सदतीस होते. ते खोटे नव्हते. पण ते फक्त खालचे होते.

तिसऱ्या दिवशी चिमटाने दार उघडले. खालच्या साध्या डिश ठिपक्यांनी भरून गेल्या होत्या. वरच्या चांदीच्या डिश कोऱ्या होत्या. एकही ठिपका नव्हता. ना सोन्या, ना हिरव्या. तिने डिश उजेडात धरल्या, उलट्या केल्या, पुन्हा धरल्या. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला ओरडायचे होते की ते तुझ्या चांदीने मेले नाहीत, मी त्यांना भाजून मारले. पण माझ्यातून फक्त घुं असा आवाज आला.

तिने प्रयोग पुन्हा केला. शून्य. तिसऱ्यांदा केला. शून्य.

प्रयोगशाळेच्या मॅडम हुरळून जाणाऱ्या नाहीत. त्यांनी विचारले की साध्या डिशमध्ये वाढ आहे ना. होती. द्रावणे ताजी आहेत ना. होती. तापमानाची वही मागवली. सहा आठवडे सदतीस, प्रत्येक सहीसकट. मॅडमनी वही मिटली आणि अहवालावर सही केली. त्या दिवशी शुक्रवार होता. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळी दहाची वेळ ठरवली. पहिला पापुद्रा भट्टीवरच्या कामगाराला लावायचा होता. त्याला तसे सांगितलेही. मॅडमनी फक्त एक अट घातली. सोमवारी जो पापुद्रा वॉर्डात जाणार, त्याच खेपेच्या पापुद्र्याचे तुकडे कापून एकदा शेवटची चाचणी करायची.

ते तुकडे शुक्रवारीच माझ्यात आले. शनिवारी दुपारी चिमटाने ते धुतले, पाणी जेलीवर पसरले आणि डिशचा ढीग घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मामा गावी गेले होते. शेजारच्या खोलीतल्या मुलांनी विचारल्याशिवाय माझ्या खालच्या कप्प्यात दोन मोठे फ्लास्क ठेवून दिले होते. "मेले फुकटे," असे पुटपुटत तिने फ्लास्क एका बाजूला दाबले आणि साध्या डिश खाली रचल्या. एक डिश उरली. हिरव्याची, साधी. तिने ती आडवी घालून पाहिली, तिरकी घालून पाहिली. ती मावेना.

माझा जीव त्या एका डिशमध्ये अडकला. तिने ती टाकून दिली असती तरी चालण्यासारखे होते. बाकीच्या पाच साध्या डिश होत्याच. ती कचऱ्याच्या लाल डब्याकडे वळलीसुद्धा. मग थांबली. तिने दारावरच्या कागदाकडे पाहिले.

"मामा, एक दिवस चालवून घ्या," ती रिकाम्या खोलीत म्हणाली, आणि ती डिश तिने वरच्या कप्प्यात सर्वांत कडेला ठेवली, चांदीच्या डिशपासून लांब.

मित्रांनो, पुढचा दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. वर अठ्ठेचाळीस अंश. त्या साध्या डिशमधले हिरव्याचे जिवाणू माझ्याच उष्णतेने मरत होते आणि मला त्याचा आनंद होत होता. असा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. पण भीतीही होती. ती डिश कोरी निघेल हे मला ठाऊक होते. चिमटा ती पाहून काय समजेल, ते मला ठाऊक नव्हते.

रविवारी दुपारी ती आली. तिने हातमोजे चढवले आणि वरच्या डिश ओट्यावर मांडल्या. शून्य, शून्य, शून्य. वहीत लिहिले. मग ती कडेची डिश उचलली. कोरी. तिने झाकणावरची चिठ्ठी वाचली. हिरव्या, साधी. ती कपाळाला आठ्या घालून पाहत राहिली. मग सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "पसरायलाच विसरले वाटतं." आणि तिने ती डिश लाल डब्यावर धरली.

बोटे सैल झाली की संपले असते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पापुद्रा जखमेवर गेला असता.

पण चिमटा सवयीची गुलाम आहे. टाकायच्या आधीही ती डिश उजेडात धरते. जेलीवर पसरणीच्या काडीच्या गोल रेषा होत्या. म्हणजे ती विसरली नव्हती. शिवाय जेली कडेपासून आक्रसली होती, पाणी आटलेल्या चिखलासारखी. तिने चांदीची एक डिश उचलली. तिचीही जेली आक्रसलेली. दुसरी, तिसरी, सगळ्या. मग खालच्या कप्प्यातली एक काढली. ती जेली टपोरी, कडेला चिकटून.

तिने उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात माझ्या वरच्या कप्प्यात घातला. तळवा स्टीलला लागताच तो झटकन मागे घेतला.

मग तिने खालची तापमापी सोडवली आणि वरच्या कप्प्यात धरली. पारा चढू लागला. एकोणचाळीस. बेचाळीस. पंचेचाळीस. ती ओठ हलवून आकडे म्हणत होती. अठ्ठेचाळीसला पारा थांबला. ती हळूच स्टुलावर बसली.

नळ ठिबकत होता. ओट्यावर चौदाव्या खेपेचा तो मधासारखा पापुद्रा निर्जंतुक पाकिटात तयार होता, वर तारीख आणि तिची सही. मला एका गोष्टीची धास्ती वाटत होती. तीन शून्ये वहीत होती, मॅडमची सही अहवालावर होती आणि ही एक डिश फक्त तिने पाहिली होती.

तिने मोबाइल माझ्या डोक्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि मॅडमना फोन केला. सगळे सांगितले, कुठेही न थांबता.

"हे तू अजून कुणाला सांगितलंस?" मॅडमनी विचारले.

"कुणालाच नाही. आधी तुम्हालाच."

माझी तारसुद्धा त्या वेळी तापायची थांबली होती.

"मग आता आत्याला सांग," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांना मी सांगते. सही माझी आहे, तर सांगायलाही मीच पाहिजे. आणि हे बघ, काहीही टाकू नकोस. ती डिशसुद्धा नाही."

आत्या फोनवर फक्त "येते" म्हणाली. थोड्याच वेळात जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. ती या वेळी स्टुलावर बसली नाही. चिमटाने तिला दोन डिश दाखवल्या, तापमापी दाखवली.

"तू मला तीनदा सांगितलंस, शून्य म्हणून," आत्या म्हणाली.

"हो."

"त्याची बायको काल मला धरून रडली. बरं वाटून रडली. उद्या मी तिला काय सांगू?"

"मी चुकले आत्या. कदाचित पापुद्रा चांगलाच असेल. पण मला ते माहीत नाही. मला वाटत होतं, माहीत आहे."

आत्याने पदराने मान पुसली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हते. तिने माझ्या दारावर एक चापट मारली. मला ती मान्य होती.

"उद्या सकाळी जाळीच काढावी लागेल मग," ती जाता जाता म्हणाली. "मीच काढेन. दुसऱ्या कुणाला नाही सांगणार."

सोमवारी दहा वाजता वॉर्डात काय झाले ते मी पाहिले नाही. नंतर ऐकले. आत्याने जाळी मिठाच्या पाण्यात भिजवत भिजवत तासाभराने काढली. तो कामगार तिला नाही नाही ते बोलला. ती ऐकून घेत राहिली.

त्याच वेळी इकडे मिस्त्री माझी पाठ उघडत होता. मामा गावाहून आले ते थेट माझ्याकडेच, हातात पिशवी तशीच. मिस्त्रीने चिमट्याने, म्हणजे चिमटाच्याच चिमट्याने, जाळीतून कापसाचा लिंबाएवढा गोळा ओढून काढला. तो म्हणाला की पंखा बिचारा कधीचा गळा दाबल्यासारखा होता.

मामांनी वही उघडली आणि सहा आठवड्यांच्या सह्यांवरून बोट फिरवले. "रोज वाचलं बाळ. एक दिवस चुकवला नाही."

"माहीत आहे मामा."

"काचेतनं वाचलं," मामा म्हणाले. "दार कधी उघडलं नाही. ऊब जाईल म्हणून." त्यांनी दारावरचा तो जुना कागद नखाने खरवडायला घेतला. चिमटाने त्यांचा हात धरला. कागदाचा काही दोष नव्हता, असे ती म्हणाली. थेंब पडतोच. फक्त साध्या डिश वरही हव्या होत्या, झाकून का होईना, आणि तापमापी दोन हव्या होत्या. मामांनी तरीही कागद काढलाच. तो फाटून अर्धा माझ्यावर राहिला, अजून आहे.

पंखा फिरू लागला. माझ्या पोटात वारे खेळले. किती बरे वाटले म्हणून सांगू! पण चैन नव्हती. आता खरी परीक्षा होती आणि ती पापुद्र्याची होती. चिमटाने त्याच खेपेच्या पापुद्र्याचे नवे तुकडे कापले. दोन्ही कप्प्यांत तापमापी टांगल्या. कोणती डिश कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवले. मॅडम स्वतः येऊन चिठ्ठ्या उचलत होत्या. दोन दिवस मी वर आणि खाली सदतीसच्या वर एक रेघ चढू दिली नाही.

बुधवारी सगळे माझ्यापुढे उभे होते. मॅडम, मामा, चिमटा. चिमटाने आधी सोन्याच्या डिश काढल्या. साध्या डिश गच्च भरलेल्या. चांदीच्या डिशमध्ये अकरा ठिपके, नऊ ठिपके. मामा हसले. "बघ, मारतंय की तुझं पोर," असे ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिने हिरव्याची चांदीची डिश काढली.

मोजायची गरजच नव्हती. जेलीवर कोरी जागा शोधावी लागत होती. खालची जेलीसुद्धा हिरवट झाली होती. दुसरी डिश तशीच. तिसरीही. चौदाव्या खेपेची चांदी सोन्याला मारत होती, पण हिरव्याला तिने हातही लावला नव्हता.

मॅडमनी चष्मा काढला. चिमटाने त्यातली एक डिश चिकटपट्टीने चहूबाजूंनी बंद केली आणि खिडकीतून आत्याला हाक मारली. आत्या आली. डिश हातात घेऊन तिने ती उजेडात धरली, अगदी भाचीसारखीच.

"हा रंग मी ओळखते," ती म्हणाली. "जाळीवर दिसतो. ज्याच्या जाळीवर दिसतो, त्याच्या घरच्यांना आम्ही लांबून बोलावून घेतो."

तिने डिश हळूच ओट्यावर ठेवली, जणू ती फुटेल.

"आपण याच्यावर तीन दिवस झाकण घालणार होतो, नाही का गं?"

चिमटाने मान हलवली. आत्याने तिला जवळ ओढले. त्या दोघी माझ्यापुढे तशाच उभ्या राहिल्या. मामांनी उगाच छत्री उचलली आणि पुन्हा ठेवली.

तो कामगार सात आठवड्यांनी घरी गेला. रोजच्या जाळीने, रोजच्या वेदनेने. त्याच्या डाव्या हाताचे एक बोट वाकडे राहिले. जाताना त्याने आत्याची माफी मागितली म्हणे, आणि आत्याने त्याला सांगितले की तिने याहून वाईट ऐकले आहे. माझ्या पोटात काय घडले होते ते त्याला कधी कळणार नाही. त्याला हे मात्र ठाऊक आहे की एक सोपा उपाय येणार होता आणि आला नाही. त्याचे दुःख मी माझ्या खात्यातून पुसून टाकत नाही. पंखा थोडा आधी साफ झाला असता, तर त्याला खोटी आशा तरी लागली नसती.

मॅडमनी पहिला अहवाल मागे घेतला आणि दुसरा लिहिला. त्यात माझाही उल्लेख आहे. यंत्राच्या वरच्या कप्प्यातले तापमान मोजले गेले नव्हते, असे एक वाक्य. डेअरीत माझे एवढे कौतुक झाले, पण छापील कागदावर मी आलो तो असा. सुरुवातीला मला लाज वाटली. आता वाटत नाही. ते वाक्य वाचून कुठल्या तरी दुसऱ्या प्रयोगशाळेत कुणीतरी आपल्या जुन्या इन्क्युबेटरचे दार उघडले असेल.

मित्रांनो, तुमच्याही घरात आणि शाळेत माझे भाऊबंद आहेत. फ्रिज आहे, तराजू आहे, घड्याळ आहे, ताप मोजायची नळी आहे. आम्ही घुं करत राहतो म्हणून आमचे सगळे ठीक चालले आहे असे समजू नका. आमच्या पाठीमागची जाळी वर्षातून एकदा तरी साफ करा. आणि आम्ही दाखवलेला आकडा लिहून घेताना तो कुठला आहे, तेवढे विचारा. आम्ही मुद्दाम फसवत नाही. आम्हाला जिथे विचारले जाते तिथलेच आम्ही सांगतो.

आज माझ्यात अठरावी खेप आहे. या वेळी चिमटाने चांदीबरोबर जस्ताचेही कण घातले आहेत. वर सहा डिश, खाली सहा, चिठ्ठ्या टाकून मांडलेल्या. ठिपके उठायला सुरुवात झाली आहे. कुठे किती, ते मला आताच दिसते आहे. उद्या सकाळी अकराला ती दार उघडेल, आधी वरच्या कप्प्यावर तळहात टेकवेल, मग खालच्या, आणि मग पेन काढून मोजायला बसेल.